इंग्लिशच्या वर्गात पीबीएल आलं कुठून?

प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग म्हणजे पीबीएल. इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी हे वापरा असं हल्ली बऱ्याच टीचर ट्रेनिंगमध्ये सांगतात, आणि हे आलं कुठून विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, कॅनडातल्या एका मेडिकल स्कूलमधून. ते खोटं नाही पण अर्धंच आहे. माझ्या मते भाषेच्या वर्गात जे पीबीएल चालतं त्यातलं कामाचं बरंचसं दुसरीकडूनच आलंय.

तरी मेडिकलपासूनच सुरू करू. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत १९६९ ला मेडिकलची पहिली बॅच बसली, फक्त २० विद्यार्थी. आधी वर्षानुवर्षं थिअरी घोका आणि मग पेशंट बघा, हा क्रम तिथे उलटा केला. छोटा ग्रुप, सोबत एक ट्यूटर, समोर एक केस, आणि आपल्याला नेमकं काय माहीत नाही ते मुलांनीच ठरवून शोधून आणायचं. हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने पुढे ही पद्धत नीट मांडली, १९८० ला रॉबिन टॅम्बलिनबरोबर त्यावर पुस्तकही लिहिलं. (याच बॅरोजने १९६३ ला धडधाकट माणसाला शिकवून त्याच्याकडून पेशंटची ॲक्टिंग करून घेतली होती, म्हणजे भाषेच्या वर्गातल्या रोल-प्लेचा मेडिकलमधला भाऊच म्हणा.) काहीजण मूळ शोधत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईपर्यंत जातात, पण तसं बघितलं तर शिक्षणातली प्रत्येकच नवी गोष्ट ड्यूईपाशी जाऊन थांबते.

नेदरलँड्सच्या मास्ट्रिक्टमध्ये १९७४ ला मेडिकल सुरू झालं तेही पीबीएलवरच, आणि तिथे याच्या सात पायऱ्या ठरल्या. त्यातली पहिली पायरी, केसमधले न कळलेले शब्द स्पष्ट करून घ्या. मेडिकलच्या मुलांचं हे काम पाच-दहा मिनिटांत आटपत असेल, इंग्लिश शिकणाऱ्यांच्या वर्गात मात्र अर्धा तास इथेच जातो, कारण त्यांना कमी पडतो तो विषय नाही, ज्या भाषेत विचार मांडायचा ती भाषाच कमी पडते. मेडिकलमध्ये भाषा येते हे धरूनच सगळी रचना केलेली, त्यामुळे ती जशीच्या तशी उचलून इथे चालत नाही.

आता दुसरीकडे बघा. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे प्रौढ शेतमजुरांना लिहायला-वाचायला शिकवत होता. १९६३ ला अँजिकोस गावी त्याच्या टीमने सुमारे ३०० लोकांना साधारण ४० तासांत साक्षर करायचा प्रयोग केला. आधी लोकांच्या रोजच्या जगण्यातलं एक चित्र दाखवायचं, त्यावर बोलायचं, हे असं का आहे ते विचारायचं, आणि अक्षरओळख त्या बोलण्यातूनच. १९६४ ला लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरे आधी तुरुंगात आणि मग देशाबाहेर. पण त्याचं म्हणणं अमेरिकेत पोचलं, आणि १९८० च्या दशकात नीना वॉलरस्टीन आणि एल्सा ऑअरबाख यांनी ते स्थलांतरित कामगारांच्या इंग्लिश वर्गात आणलं. त्यांचे प्रश्न साधेच होते. चित्रात काय दिसतंय, अडचण काय आहे, तुमच्याबरोबर असं झालंय का, असं का होतं, काय करता येईल. सुपरवायझर ओव्हरटाइम करायला लावतो पण पैसे देत नाही, अशा गोष्टीवर बोलायचं असलं की माणूस शब्द स्वतःहून मागतो! इथे प्रॉब्लेम शिक्षकाने कपाटातून काढलेला नसतो, तो शिकणाऱ्याचाच असतो. मेडिकलच्या मॉडेलमध्ये हा भाग नव्हता आणि मला वाटतं प्रौढांच्या वर्गात पीबीएल टिकलं ते यामुळेच.

तिसरा धागा आपल्या जवळचा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ मध्ये दक्षिण भारतातल्या शाळांत एक प्रयोग चालवला, बंगलोर प्रोजेक्ट म्हणून ओळखतात तो. व्याकरणाचा क्रम नाही, शब्दांची यादी नाही, रोज एक कोडं सोडवायचं, उदाहरणार्थ रेल्वेचं टाइमटेबल बघून कुठली गाडी घ्यावी ते ठरवा. डोकं अर्थ लावण्यात गुंतलं की भाषेची रचना आपोआप आत जाते असं त्यांचं म्हणणं. पण गंमत अशी की प्रभूंना ग्रुपवर्क फारसं मान्य नव्हतं, सगळ्यांचंच इंग्लिश कच्चं असेल तर मुलं एकमेकांच्या चुकाच पक्क्या करतील ही भीती, म्हणून आधी अख्ख्या वर्गाबरोबर शिक्षक एक टास्क करून दाखवायचे आणि तसाच दुसरा मुलांनी एकेकट्याने करायचा. पीबीएलवाल्यांना हे आजही पचत नाही.

ग्रुपच्या बाजूचा मुद्दा पुन्हा कॅनडातूनच आला पण मेडिकलशी संबंध नसलेला. तिथे इंग्लिश घरातली मुलं सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती, वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडत होती, तरी ती समजण्यात पुढे आणि बोलण्या-लिहिण्यात मागे राहिलेली मेरिल स्वेन या भाषा-संशोधिकेला दिसली. १९८५ ला तिने मांडलं की नुसतं ऐकून भागत नाही, अडखळत का होईना स्वतः बोलावं लागतं. ग्रुपमध्ये बोलायची संधी जास्त मिळते हे उघडच आहे.

मग २००० नंतर हे सगळं एका नावाखाली आलं. २००७ च्या सुमारास अमेरिकेत प्रौढ इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी पीबीएल कसं वापरायचं याच्या शिक्षकांसाठी सोप्या टिपण्या निघाल्या, त्यात शिक्षकाचं काम साधारण असं की लागणारी भाषा आधी शिकवा, प्रॉब्लेम द्या, ग्रुप पाडा, मुलांना मध्येच न तोडता चुका टिपून ठेवा आणि शेवटी त्यांवर काम करा. भाषा आधी शिकवा हे बॅरोजच्या कट्टर चाहत्यांना चालणार नाही, तिथे आधी शिकवणं म्हणजे फाऊल. त्याच्या आदल्या वर्षी, २००६ ला, किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी नवख्याला कमी मार्गदर्शन देऊन शिकवणं फसतं असा मोठा हल्ला चढवला होता, त्यावर पुढच्या वर्षी उत्तर आलं की पीबीएलमध्ये आधार भरपूर असतो, तो नाहीच हे गृहीतच चूक.

एक जुना प्रश्न मात्र तसाच आहे. ग्रुपमधले सगळे एकच मातृभाषा बोलणारे असतील तर प्रॉब्लेम मस्त सुटतो, फक्त इंग्लिश सोडून! काही शिक्षक कडक नियम लावतात, बाकीचे विचार कुठल्याही भाषेत करू देतात आणि वर्गापुढे मांडणी तेवढी इंग्लिशमध्ये मागतात, मला दुसरंच जास्त पटतं.