सोळावा संघ पहिला कसा आला?

११ ऑक्टोबर २०२४. ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना होता. यजमान ॲरिझोना स्टेट, पाहुणे यूटा. दोन्ही संघ ‘बिग ट्वेल्व्ह’ कॉन्फरन्समधले. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांत खेळून आपला विजेता ठरवणाऱ्या विद्यापीठांचा गट. (नावात बारा असले तरी त्या वर्षी संघ सोळा होते.) या गटाचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांनी जुलैमध्येच मते देऊन हंगामाअखेरचा क्रम वर्तवला होता. त्यात यूटा पहिला होता आणि ॲरिझोना स्टेट सोळावा, अगदी तळाला.

सामना तळाच्या संघाने २७-१९ असा जिंकला. डिसेंबरात आयोवा स्टेटला ४५-१९ असे हरवून कॉन्फरन्सचे विजेतेपदही त्यानेच मिळवले. यूटाने कॉन्फरन्समधल्या नऊ सामन्यांपैकी दोनच जिंकले. पत्रकारांनी तिसरा धरलेला ओक्लाहोमा स्टेट तर नऊच्या नऊ हरला.

यावरून पत्रकारांना काही कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये १९९२ ते २०२४ या ३३ हंगामांत त्यांनी आधी निवडलेला विजेता दहा वेळा खरा ठरला. डोळे मिटून चिठ्ठी उचलली असती, तर एवढ्या वर्षांत दोन-तीनदाच बरोबर आले असते. अंदाजात ज्ञान आहेच. मग कधी कधी तक्ता असा पुरता उलटतो कसा?

उत्तराचा मोठा भाग ‘नऊ’ या आकड्यात आहे. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. इथे कॉन्फरन्सचा क्रम नऊ सामन्यांवर ठरतो, आणि पंधरा प्रतिस्पर्ध्यांपैकी सहांशी त्या हंगामात गाठच पडत नाही. समजा, सोळाही संघ तंतोतंत सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामन्याचा निकाल छापा-काट्याने लागतो. नाणे नऊ वेळा उडवले तर निकालांच्या ५१२ मालिका संभवतात. त्यांपैकी ४६ मालिकांमध्ये सात किंवा अधिक विजय मिळतात, म्हणजे साधारण नऊ टक्के. शक्यता बारीक वाटते, पण संघ सोळा आहेत. त्यामुळे सरासरी एक-दीड संघ निव्वळ नशिबावर सात किंवा त्याहून जास्त सामने जिंकणार, आणि तेवढेच संघ दोन किंवा त्याहून कमी. त्या वर्षी ॲरिझोना स्टेटने सात जिंकले आणि यूटाने दोन.

हेच गणित मधल्या संघांना लावून पाहू. नाण्याच्या या खेळात ८२ टक्के वेळा विजयांची संख्या तीन ते सहा यांच्या दरम्यान पडते. २०२४च्या खऱ्या तक्त्यात सहा विजयांचे संघ पाचव्या जागेवर बरोबरीत होते, तर तीन विजयांचे अकराव्या. म्हणजे अगदी मध्यम ताकदीचा संघ, ताकद तसूभरही न बदलता, पाचवा येऊ शकतो किंवा अकरावा. सगळेच नशीब आहे असे मात्र नाही. सगळे सामने हरण्याची शक्यता या खेळात ५१२त एक एवढीच असते, त्यामुळे ओक्लाहोमा स्टेटच्या घसरणीला नाण्यापलीकडची खरी कारणे असणारच.

यूटाचे तीन पराभव मला फार बोलके वाटतात. ह्यूस्टनकडून १७-१४, ब्रिगहॅम यंगकडून २२-२१, आयोवा स्टेटकडून ३१-२८. तिन्ही मिळून फरक सात गुणांचा. हे तीन सामने उलटे फिरले असते, तर (कॉन्फरन्सबाहेरचे तीन सामने धरून) एकूण पाच विजय आणि सात पराभवांऐवजी हंगाम आठ विजय आणि चार पराभवांचा झाला असता. त्यात संघाचा मुख्य क्वार्टरबॅक कॅम रायझिंग, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, सप्टेंबरात जखमी झाला. टेम्पीच्या त्या सामन्यात तो परतला, पुन्हा दुखापत झाली आणि हंगामालाच मुकला. जुलैमध्ये मत देणाऱ्याला हे कुठून दिसणार?

एक चूक मात्र टाळता येण्यासारखी आहे: गेल्या हंगामाचा टोकाचा निकाल तसाच पुढे चालेल असे धरण्याची. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये दाखवले की फार उंच आईवडिलांची मुले सरासरीपेक्षा उंच असतात, पण आईवडिलांइतकी नाही. टोकाच्या निकालात ताकदीबरोबर योगायोगाचाही वाटा असतो, आणि योगायोग पुढच्या खेपेला पुन्हा हजर असेलच असे नाही. खेळात हे स्पष्ट दिसते. ऑबर्नचा संघ २०१२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्समधले आठही सामने हरला. पुढच्याच वर्षी नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने आठपैकी सात जिंकले आणि विजेतेपद घेतले. २०१५ मध्ये पत्रकारांनी त्यालाच विजेता म्हणून निवडले, तेव्हा त्याच्या पदरी दोन विजय आणि सहा पराभव आले. ॲरिझोना स्टेटला तळाला टाकण्यामागेही आदल्या वर्षीचे तीन विजय आणि नऊ पराभव होतेच. मत देणाऱ्याच्या मनावर गेल्या हंगामाची छाप गरजेपेक्षा खोल उमटते.

संगणकी प्रारूपे या मोहापासून थोडी दूर राहतात. बिल कॉनेली यांच्या ‘एसपी प्लस’ या प्रसिद्ध पद्धतीत हंगामापूर्वी तीन गोष्टी मोजतात: गेल्या वर्षीच्या कामगिरीतला किती भाग मैदानावर परततो आहे, नवी भरती कशी आहे, आणि अलीकडच्या काही वर्षांचा इतिहास काय आहे. एकाच वर्षाच्या निकालाला त्यात अवास्तव वजन मिळत नाही. पण आता खेळाडू एका विद्यापीठातून दुसऱ्यात सहज जातात. ॲरिझोना स्टेटचा क्वार्टरबॅक सॅम लेव्हिट मिशिगन स्टेटमधून आला होता, चेंडू घेऊन धावणारा कॅम स्कॅटबो सॅक्रमेंटो स्टेटमधून. प्रारूपाच्या मापनपट्टीखालची जमीनच अशी सरकत राहते.

सोळा संघांचे क्रम लावण्याचे २०.९ लाख कोटी प्रकार आहेत. मतदान त्यातला एक निवडते आणि पाचव्या-सहाव्यातले अंतर पहिल्या-सोळाव्याइतक्याच ठामपणे छापते. माझी तक्रार आहे ती या ठामपणाबद्दल. २०२५ मध्ये बिग ट्वेल्व्हने हे मतदानच बंद केले. मला तो निर्णय पटला नाही. हवामान खाते पावसाची शक्यता टक्क्यांत सांगते, तसे प्रत्येक संघापुढे ‘बहुधा तीन ते सहा विजय’ एवढे लिहिले असते तरी चालले असते. ॲरिझोना स्टेटची ओळ त्यातही खालीच राहिली असती, पण तिचे वरचे टोक कुठवर पोचते ते वाचणाऱ्याला जुलैतच दिसले असते.