सारखे गुण, पण सारखेच नैराश्य?

कोविडच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण जगभर सुमारे 25 टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये जाहीर केले. तो आकडा बातम्यांतून इतका फिरला, की प्रत्येक समाजाला तो सारखाच लागू आहे असे वाटू लागले. प्रत्यक्षात त्यामागचे बरेचसे अभ्यास श्रीमंत देशांतले होते, आणि त्या देशांत राहणारे स्थलांतरित सरासरीत विरघळून गेले होते. त्यांच्यासाठी महामारी म्हणजे अनेकदा घरून करता न येणारे काम, दाटीची घरे आणि बंद सीमेपलीकडे राहिलेले आईवडील.

मग प्रश्न येतो तो मोजण्याचा. पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासण्यासाठी 2001 पासून वापरात असलेली प्रश्नावली घ्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. बेरीज 10 किंवा जास्त झाली, की मध्यम किंवा तीव्र नैराश्याची शक्यता धरतात. प्रश्न उदासपणाबद्दल आहेत तसेच झोप, थकवा आणि भूक यांबद्दलही आहेत.

आता रात्रपाळी करणारी, नुकतीच कोविडमधून उठलेली व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. झोपेला 3, थकव्याला 3, भुकेला 2. मनाबद्दल एकही उत्तर देण्याआधी 8 गुण झाले! याउलट खरोखर खचलेला, पण ‘हे उत्तर माझ्या व्हिसाच्या फायलीत तर जाणार नाही ना’ या धास्तीत असलेला माणूस निराशेच्या प्रश्नाला 0 देईल. दोघांची बेरीज सारखी येऊ शकते, दुखणे मात्र वेगळे.

हे पकडण्याची युक्ती मला फार सुंदर वाटते. तिला ‘डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग’ म्हणतात, म्हणजे प्रश्नाचा पक्षपात शोधणे. स्थलांतरित आणि स्थानिक असे दोन गट घ्यायचे, पण त्यांची सरसकट तुलना करायची नाही. दोन्ही गटांतून फक्त समान बेरीज असलेली माणसे, समजा 9 ते 11 गुणांची, बाजूला काढायची. नैराश्य सारखे असेल, तर थकव्याच्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ म्हणणारेही दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात हवेत. एका गटात ते सतत जास्त निघाले, तर तो प्रश्न नैराश्याखेरीज आणखी काहीतरी मोजतो आहे. पण ज्या बेरजेने आपण माणसे जुळवली, तिच्यात तो संशयित प्रश्नही आहेच. म्हणून तो वगळून बेरीज पुन्हा करायची, माणसे पुन्हा जुळवायची, आणि संशयितांची यादी स्थिर होईपर्यंत हे चालू ठेवायचे. अनेक गटांत पीएचक्यू-9 या परीक्षेत बऱ्यापैकी टिकली आहे. पण ती साधारण काळातली परीक्षा. महामारीत थकव्याची कारणेच बदलली, तेव्हा ती नव्याने घ्यायला हवी होती.

या पद्धतीलाही एक मर्यादा आहे: प्रश्नावलीतच नसलेला प्रश्न तिला सापडत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 1982 मध्ये चीनमधल्या हुनान प्रांतातला अभ्यास प्रसिद्ध केला. ‘न्यूरस्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, असे निदान झालेल्या 100 रुग्णांपैकी 87 जण नैराश्याच्या निकषांत बसले. ते आले होते मुख्यतः डोकेदुखी, निद्रानाश अशा शारीरिक तक्रारी घेऊन. पीएचक्यू-9 मध्ये वेदनेबद्दल एकही प्रश्न नाही.

म्हणूनच ‘अमुक देशातून आलेले लोक मुळातच कणखर’ अशी विधाने वाचली की मला राग येतो. कमी गुण म्हणजे कमी दुःख, हे आधी सिद्ध करावे लागते. ‘दोन मिनिटांत नैराश्य तपासा’ म्हणणाऱ्या ॲपनाही हेच लागू आहे. प्रश्नावली शक्यता दाखवते, निदान करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये निर्वासित आणि स्थलांतरितांचे ऑनलाइन सर्वेक्षण केले. सुमारे 30 हजार जणांनी उत्तरे दिली, हे मोठेच काम. तरीही फोन, इंटरनेट किंवा विश्वास यांपैकी काही नसलेले लोक त्यात येणे अवघड होते. शिवाय पक्षपात तपासायला प्रत्येक गटात साधारण काहीशे माणसे लागतात. ती मिळत नाहीत म्हणून निर्वासित, हंगामी मजूर आणि संगणक अभियंता ‘स्थलांतरित’ या एकाच रकान्यात कोंबले जातात. त्यांची भाषा, येऊन किती वर्षे झाली आणि राहण्याचा परवाना कोणता, एवढे तरी वेगळे नोंदवले, तर पुढचा संशोधक तो रकाना पुन्हा फोडू शकतो.