लाटेचा तडाखा मोजताना

३० डिसेंबर २०१५ रोजी उत्तर समुद्रातल्या ट्रोल या तेल-वायू क्षेत्रात ‘कॉसलइनोव्हेटर’ या विहिरी खोदणाऱ्या तरंगत्या रिगवर एक खडी लाट थेट समोरून आदळली. खिडक्या फुटून पाणी आत घुसले आणि एका कामगाराचा जीव गेला. लाटेचे शिखर आणि डेकचा तळ यांत अंतर राखणे हा अशा रचनेचा मुख्य बचाव. पण तरंगती रचना स्वतःही हलते. ती खाली बसत असताना किंवा लाटेकडे झुकलेली असताना शिखर आले, तर ते अंतर उरतच नाही.

तडाख्याच्या दाबाच्या ढोबळ अंदाजाचे सूत्र सोपे आहे: पाण्याच्या घनतेचा निम्मा × आघाताचा गुणांक × पाणी आदळण्याच्या वेगाचा वर्ग. गुणांक ३ आणि वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर दाब सुमारे १५४ किलोपास्कल येतो, म्हणजे चौरस मीटरमागे जवळपास १६ टन. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोनपट.

नेमका आकडा कृत्रिम लाटांच्या टाकीत ठेवलेल्या छोट्या प्रतिकृतीवरून काढतात. १:५० प्रमाणात तीन तासांचे वादळ साडेपंचवीस मिनिटांत उरकते. मोजलेला दाब ५० पटींनी, तर बल १,२५,००० पटींनी वाढवून वाचायचे. त्यामुळे मोजणीतली बारीकशी चूकही प्रचंड होते.

खरी कसोटी सेन्सरची. दाबाचा कळस मिलिसेकंदाच्या आत येऊन जातो, म्हणून सेकंदाला किमान वीस हजार नोंदी हव्यात. कोरड्या, उबदार सेन्सरवर गार पाणी पडले की तापमानातल्या फरकामुळेच खोटा दाब उमटतो. म्हणून टाकीतले पाणी आणि हवा शक्यतो एकाच तापमानाला ठेवावी, सेन्सरच्या तोंडावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. बल मोजणारे पॅनेल आधी छोट्या हातोडीने ठोकून त्याची स्वाभाविक कंपने तपासावीत, कोरडे असताना आणि भिजवूनही. सोबतच्या पाण्याच्या वस्तुमानामुळे भिजल्यावर कंप मंदावतो. हे टाळले, तर आलेखात लाटेऐवजी पॅनेलची थरथरच दिसते.

लाटेखाली अडकलेली हवा आणखी अवघड. टाकीवरचा वातावरणीय दाब पन्नासाव्या हिश्श्याला आणता येत नाही, त्यामुळे हवेची उशी प्रतिकृतीत प्रमाणाबाहेर ताठ राहते आणि दाबाचा कळस वाढवून वाचला जाण्याचा धोका असतो.

तीच लाट पुन्हा सोडली तरी कळस बराच बदलतो. दाब आणि काळ मिळून होणारा एकूण धक्का मात्र त्यामानाने स्थिर असतो. म्हणून एकट्या सर्वोच्च आकड्यावर पोलादाची जाडी ठरवू नये. तडाखा किती क्षेत्रावर बसला, किती वेळ टिकला, हेही नोंदवावे. शिवाय तडाखे विरळ असतात. तेच वादळ लाटांचा यादृच्छिक क्रम बदलून निदान दहा-वीस वेळा चालवल्याशिवाय टोकाच्या भाराचा अंदाज भरवशाचा होत नाही.