‘रिअ‍ॅक्टिव्ह आयन’ हे चिप कोरण्याच्या पद्धतीचं नाव कसं चिकटलं: पार्श्वभूमी

प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूच्या, भौतिकीत तयार झालेला संशोधक मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सकडे वळला, की ‘त्यानं फ्यूजन (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवायचं संशोधन) सोडलं’ असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर तो प्रश्न बदलतो, विषय तोच राहतो: प्लाझ्मा.

‘प्लाझ्मा’ हे नाव १९२८ चं. चिपच्या कारखान्यात तो शिरला तो साठच्या दशकाअखेरीस, ऑक्सिजनच्या प्लाझ्मात फोटोरेझिस्ट (प्रकाशसंवेदी लेप) जाळून वेफर, म्हणजे सिलिकॉनची चकती, साफ करायला. कोरण्याचं काम आम्लांकडेच होतं. पण आम्ल सगळीकडून सारखंच खातं, मास्कखालीही (न कोरायचा भाग झाकणाऱ्या थराखालीही) शिरतं. रेघा काही मायक्रॉनवर आल्यावर हे परवडेना, म्हणून सत्तरच्या दशकात फ्लोरिनयुक्त वायूंचा प्लाझ्मा आला.

त्यातूनच ‘रिअ‍ॅक्टिव्ह आयन एचिंग’ (एचिंग म्हणजे कोरणं, आयन म्हणजे विद्युतभारित अणू) ही संज्ञा रूढ झाली. नाव वाचून वाटतं, आयनच सिलिकॉनशी रासायनिक क्रिया करतात. १९७९ च्या एका प्रयोगानं चित्र उलगडलं. निर्वातात सिलिकॉनवर झेनॉन डायफ्लोराइडची वाफ सोडली आणि ४५० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या अरगॉन आयनांचा मारा केला. नुसत्या वाफेनं किंवा नुसत्या आयनांनी मिनिटाला जेमतेम काही अँगस्ट्रॉम (मीटरचा दहा अब्जावा भाग) कोरले जात. दोन्ही एकत्र आल्यावर सुमारे ५५. अरगॉन तर निष्क्रिय वायू! म्हणजे रसायनाचं काम उदासीन (विद्युतभार नसलेला) फ्लोरिन करतो, आयन त्याला वेग देतो. तो पृष्ठभागावर सरळ आदळतो, म्हणून तळ कोरला जातो आणि भिंती उभ्या राहतात. आयन नेमकं काय करतो, स्फटिक मोडतो की तयार झालेली संयुगं उडवून लावतो, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. ‘आयन-साहाय्यित एचिंग’ हे नाव सुचवणाऱ्यांचं म्हणणं माझ्या मते बरोबर होतं. पण तोवर जुनं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. त्यात आणखी गुंता असा, की वेफर रेडिओ-फ्रिक्वेन्सी दिलेल्या इलेक्ट्रोडवर ठेवला की ‘आरआयई’ (रिअॅक्टिव्ह आयन एचिंग), जमिनीला जोडलेल्या इलेक्ट्रोडवर ठेवला की नुसतं ‘प्लाझ्मा एचिंग’. प्लाझ्मा दोन्हीकडे असतोच.

फ्यूजनवाल्यांची खरी गरज ऐंशीच्या दशकात भासली. कमी दाबाखाली दाट प्लाझ्मा हवा होता. २.४५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हला ८७५ गॉसचं चुंबकीय क्षेत्र जोडून तो मिळवायची युक्ती त्यांच्या हातात होती. दशकाअखेरीस लेझरच्या प्रकाशात आणखी एक गोष्ट दिसली: वेफरवर सापडणारी धूळ बाहेरून येत नव्हती, चेंबरमध्येच तयार होऊन प्लाझ्मात तरंगत होती आणि वीज बंद करताच खाली बसत होती. क्लीनरूमवर (धूळमुक्त ठेवलेल्या कारखान्यावर) ओतलेल्या पैशाचा हिशेब तेव्हा नव्यानं मांडावा लागला.

आज थ्रीडी नँडमध्ये (थरांवर थर रचलेल्या मेमरी चिपमध्ये) शेकडो थरांतून आरपार जाणारी, १०० नॅनोमीटरच्या आसपास व्यासाची छिद्रं याच आयनांच्या जोरावर कोरली जातात.