स्टॉक कारचा श्वास कोंडणारी चकती

३० एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर बिल एलियट या चालकाने पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटर वेग नोंदवला. नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कार (नेहमीच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्या) शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, पात्रता फेरीतला हा विक्रम आजही अबाधित आहे, आणि तो मोडला जाऊ नये अशीच पुढच्या नियमांची रचना आहे. कारण तीनच दिवसांनी, ३ मे रोजी, शर्यत सुरू असताना बॉबी ॲलिसनच्या गाडीचा मागचा टायर फाटला. गाडी गर्रकन फिरली, मागच्या बाजूने हवेत उचलली गेली आणि मुख्य स्टँडसमोरच्या तारेच्या कुंपणावर आदळली. कुंपणाचा मोठा भाग उखडला गेला, प्रेक्षक जखमी झाले. दीड टनाहून जड गाडी कुंपणापलीकडे गेली नाही, हे नशीबच. (ती शर्यत ॲलिसनच्याच मुलाने, डेव्हीने जिंकली.)

गाडी उडते कशी? पुढे धावताना तिचा आकार हवेचा दाब वापरून चाकं जमिनीला चिकटवून ठेवतो. तीच गाडी गर्रकन फिरून तिची मागची बाजू पुढे आली की छताची आणि मागच्या काचेची वक्र बाजू वाऱ्यासमोर येते. छतावरून हवा वेगाने सरकते, तिथला दाब घटतो आणि गाडी विमानाच्या पंखासारखी वर खेचली जाते. हे उचलणारं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर ते जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटतं. म्हणून वेगात थोडी कपात केली तरी सुरक्षिततेत मोठा फरक पडतो.

१९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगा या दोन ट्रॅकवर रिस्ट्रिक्टर प्लेट सक्तीची झाली. चार गोल भोकं पाडलेली ही ॲल्युमिनियमची पातळ चकती कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्या) यांच्यामध्ये बसायची. भोकांचा व्यास वेळोवेळी बदलत गेला; आपण ७/८ इंच, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर धरून हिशेब करू. इंजिन ३५८ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ५.९ लिटरचं. फोर-स्ट्रोक असल्यामुळे ते दर दोन फेऱ्यांत एकदा एवढी हवा ओढतं. मिनिटाला ९,००० फेरे असतील तर मिनिटाला २६,००० लिटरहून जास्त, वजनात सांगायचं तर सेकंदाला अर्ध्या किलोहून थोडी अधिक हवा. पण त्या चार भोकांचं एकूण क्षेत्रफळ जेमतेम साडेपंधरा चौरस सेंटिमीटर. एवढ्या वाटेतून हवा खेचताना तिचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत पोचतो आणि तिथेच अडतो. खालून इंजिनाने कितीही ओढलं, तरी त्याहून जास्त हवा येत नाही. भोकाच्या कडेशी होणारी गळचेपी जमेस धरली, तर सेकंदाला सुमारे ०.३ किलोच हवा आत जाते. हवा कमी म्हणून जाळता येणारं इंधनही कमी. ७५० अश्वशक्तीचं इंजिन सव्वाचारशे-साडेचारशेवर येतं.

लबाडीची जागाही इथेच होती. चकतीच्या खाली मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून (सांधा बंद करणाऱ्या पट्टीतून) थोडी जरी हवा आत शिरली, तरी चकती निकामी ठरायची. म्हणून चकत्या संघांनी आणायच्या नसत, अधिकारीच वाटत. तपासणीत वरची वाट पूर्ण बंद केली की इंजिन बंद पडायलाच हवं असे. धुगधुगत राहिलं तर कुठेतरी चोरवाट असायची.

परिणाम लगेच दिसला. डेटोना ५०० शर्यतीसाठी सर्वांत वेगवान फेरी १९८७ मध्ये ताशी २१०.३६४ मैलांची होती. १९८८ मध्ये ती १९३.८२३ वर आली. १९९४ पासून छताच्या मागच्या भागात झडपा आल्या. गाडी उलटी फिरली की छतावरचा कमी दाबच त्या झडपा उघडतो. उभ्या राहिलेल्या झडपा हवेचा सुरळीत प्रवाह मोडतात आणि उचलणारं बल ढासळतं. ज्या दाबामुळे गाडी उडणार, त्याच दाबाने तिला खाली ठेवायचं! इतकी देखणी युक्ती मोटार शर्यतीत क्वचितच सापडते.

चकतीची किंमत मात्र मोजावी लागली. टॅलाडेगाची वळणं ३३ अंशांनी कललेली आहेत. शक्ती घटल्यावर तिथे कोणालाच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा लागेना. सगळेच पूर्ण दाबून चालवू लागले आणि चांगला चालक व बरा चालक यांच्यातलं अंतर मिटलं. त्यात पुढच्या गाडीने फोडलेल्या हवेच्या आडोशाने मागची वेगात येते, आणि मागे कोणी चिकटलं की पुढच्या गाडीवरचा हवेचा ओढाही कमी होतो. त्यामुळे एकटी गाडी घोळक्यापुढे हरते. तीस-चाळीस गाड्या बंपरला बंपर लावून धावतात आणि एकाची चूक वीस जणांना भोवते. चालक या अपघाताला ‘बिग वन’ म्हणतात.

आता नॅसकारच्या स्टँडमधल्या ओसरलेल्या गर्दीकडे, रिकाम्या खुर्च्यांकडे वळू. वेग कमी झाला म्हणून लोक यायचे थांबले, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही, आणि याला टेनेसीतल्या ब्रिस्टलचा पुरावा आहे. तो जेमतेम अर्ध्या मैलाचा ट्रॅक, वेग डेटोनाच्या जवळपास दोन तृतीयांश. तरीही १९८२ पासून २०१० पर्यंत तिथल्या सलग ५५ शर्यतींची तिकिटं संपलेली होती, आणि क्षमता वाढत वाढत १,६०,००० वर गेली होती. लोक तिथे धक्काबुक्की पाहायला येत. आतली एकच वाट वेगवान असल्यामुळे पुढच्याला ढकलल्याशिवाय पुढे जाणं अवघड असे. २००७ मध्ये काँक्रीट नव्याने ओतताना वळणांचा कल बाहेरच्या बाजूला वाढत जाईल असा केला. आता दोन वाटा मिळाल्या, चालक खूश झाले, शेजारी-शेजारी शांतपणे धावू लागले. प्रेक्षक नाराज झाले. मार्च २०१२ मध्ये स्टँड ओस दिसल्यावर मालक ब्रूटन स्मिथ यांनी वरच्या वाटेचा कल घासून कमी करवला. पण गाड्या आता भिंतीलगतच धावू लागल्या, आणि जुनी गर्दी काही परतली नाही.

गर्दी ओसरण्यामागे इतर कारणंही होती. २००८ च्या मंदीनंतर शेकडो मैल गाडी हाकत येणं आणि शर्यतीच्या आठवड्यात चढ्या भावाने हॉटेल घेणं सामान्य कुटुंबाला झेपेना. दूरचित्रवाणीवर तर प्रत्येक गाडी घरबसल्या दिसत होती. २०१३ पासून नॅसकारने उपस्थितीचे अंदाज देणंच बंद केलं. डेटोनाचं नूतनीकरण २०१६ मध्ये पूर्ण झालं तेव्हा खुर्च्या रुंद झाल्या, पण संख्या सुमारे १,०१,५०० वर आली.

तरीही नियमांचा वाटा मी नाकारणार नाही. २०१९ मध्ये चपट्या चकतीऐवजी निमुळत्या भोकांचा स्पेसर (त्याच जागी बसणारा जाड तुकडा) आला. त्याच्या कडा हवा कापत नाहीत, त्यामुळे ॲक्सिलरेटरला इंजिन चटकन प्रतिसाद देतं. मात्र त्याच वर्षी दीड मैलाच्या ट्रॅकवरही अश्वशक्ती ५५० वर आणून मागे मोठा स्पॉयलर (हवा अडवून गाडी खाली दाबणारी उभी पट्टी) बसवला गेला. तिथेही पाय उचलायची गरज जवळपास संपली, आणि मागच्या गाडीला पुढचीच्या फाटलेल्या हवेत पकड मिळेना. हा निर्णय चुकीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रेक्षकाला स्टँडमधून ताशी ३०० आणि ३२० किलोमीटरमधला फरक दिसतच नाही. सरळ पट्टीवर सुसाट आलेली गाडी वळणाआधी किती मंद होते, कोण उशिरा ब्रेक लावतो, कोणाचे टायर आधी झिजतात, हे मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी सरळ पट्टीवर भरपूर शक्ती हवी आणि वळणात पकड कमी हवी. २०२६ साठी दीड मैलापेक्षा लहान ट्रॅकवर अश्वशक्ती ६७० वरून पुन्हा ७५० करायचं ठरलं, ते यासाठीच. डेटोना आणि टॅलाडेगाच्या गाड्या मात्र ५१० च्या आसपासच बांधलेल्या आहेत, कारण तिथल्या कुंपणामागे माणसं बसलेली असतात.