चंद्रावर पृथ्वी ‘उगवत’ नाही

पर्यावरण दिन आला की चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या निळ्या पृथ्वीचा फोटो फिरू लागतो. सोबत ठरलेली ओळ: ‘चंद्रावरून टिपलेली पृथ्वीची पहिली छबी.’ पहिली नव्हे! लूनार ऑर्बिटर १ या मानवरहित यानाने ती २३ ऑगस्ट १९६६ लाच टिपली होती. पण कृष्णधवल, म्हणून मनात भरली नसावी. गाजलेला रंगीत फोटो अपोलो ८ यानातून अंतराळवीर बिल अँडर्स यांनी २४ डिसेंबर १९६८ रोजी काढला.

आणि ते उगवणं? यान चंद्राला प्रदक्षिणा घालत होतं, म्हणून तसं दिसलं. चंद्राच्या जमिनीवर उभं राहिलं, तर पृथ्वी आकाशात जवळपास एकाच जागी टांगलेली दिसते. अँडर्सना तर क्षितिज उभं दिसत होतं. फोटो फिरवून ते आडवं आपण केलं.