बसू न देणारे दुखणे आणि त्याच्या उसन्या गोळ्या

ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन. प्युडेंडल नसेच्या, म्हणजे जननेंद्रिय आणि गुदद्वाराभोवतीच्या भागाला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या, दुखण्यावर लिहून दिल्या जाणाऱ्या या गोळ्यांपैकी एकही या दुखण्यासाठी शोधलेली नाही. पहिल्या दोन नैराश्यावरच्या. गॅबापेंटिन अमेरिकेत १९९३ मध्ये फिट्सवर आले आणि २००२ मध्ये नागिणीनंतर राहणाऱ्या वेदनेसाठी त्याला मान्यता मिळाली. मधल्या काळात परवानगी नसलेल्या आजारांसाठी त्याचा जो प्रचार झाला, त्यापायी २००४ मध्ये कंपनीला ४३ कोटी डॉलर मोजावे लागले. म्हणून गोळीच्या पाकिटातला कागद वाचून घाबरलेली बाई ‘मला फिट येत नाही, मग ही गोळी का?’ असे विचारते, तेव्हा तिचा प्रश्न अगदी रास्त असतो. तिला नीट उत्तर मिळायला हवे.

या नसेची वाट ज्या बोगद्यातून जाते त्याचे वर्णन १८३६ मध्येच झाले होते. ‘प्युडेंडल’ हा शब्द ‘लाज वाटणे’ या लॅटिन क्रियापदावरून आला, आणि आपल्याकडेही तो भाग ‘गुह्य’च. त्यामुळे दुखणे सांगायलाच उशीर होतो. मग मूळव्याध, पुरुष असेल तर प्रोस्टेट, बाई असेल तर ‘अंगावरून जाणे’ असे तपास होत राहतात. सायकलस्वारांमध्ये ही नस दबते, हे फ्रेंच डॉक्टरांनी १९८७ मध्ये मांडले. निदानाचे निकष फ्रान्समधल्याच नांत शहरात ठरले आणि २००८ मध्ये छापून आले.

खरा गुंता इथून सुरू होतो. नांतचे निकष पाच: वेदना या नसेच्या हद्दीत हवी, बसल्यावर वाढायला हवी, रात्री झोपेतून उठवणारी नको, तपासणीत त्या भागाची संवेदना कमी झालेली नको, आणि त्या नसेजवळ दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनने थांबायला हवी. त्याच २००८ मध्ये जगभरच्या वेदनातज्ज्ञांनी ‘न्यूरोपॅथिक’, म्हणजे मज्जातंतूतूनच उठणारी वेदना, या शब्दाची व्याख्या आवळायला घेतली. १९९४ च्या व्याख्येत नसेला इजा किंवा तिच्या ‘कामातला बिघाड’, दोन्ही बसत होते. नव्या व्याख्येतून ‘बिघाड’ गेला. इजा किंवा आजारच हवा, आणि खात्रीची पायरी गाठायला संवेदनेतल्या बदलाची खूण आणि इजेचा चाचणीतला पुरावा, दोन्ही हवे. म्हणजे एका यादीत संवेदना शाबूत असणे ही अट, तर दुसरी यादी शंका घेते ती नेमकी तेवढ्यावरूनच. रुग्ण दोन्हींच्या मध्ये लटकतो. आपल्याकडे ‘नस’ म्हणजे शीरही, स्नायूची दोरीही आणि मज्जातंतूही, त्यामुळे ‘नस दबली’ एवढ्यावर बोलणे संपते. इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांचाही गोंधळ याहून फार कमी नाही.

हा केवळ शब्दांचा वाद असता तर सोडून देता आला असता. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ३०६ स्त्रियांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला: दुर्बिणीतून पाहूनही कारण न सापडलेल्या ओटीपोटाच्या वेदनेत गॅबापेंटिन नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. गंभीर त्रास मात्र ७ टक्क्यांना झाला, नकली गोळीवर २ टक्क्यांना. चाचणी चोख होती. पण त्या स्त्रिया नसेच्या दुखण्याच्या म्हणून निवडलेल्या नव्हत्या. २०२१ मध्ये तिथल्या मार्गदर्शक सूचनांनी ‘प्राथमिक’ जुनाट वेदनेत, म्हणजे जिचे पुरेसे मूळ कारण सापडत नाही अशा वेदनेत, गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन सुरूच करू नका असे सांगितले, न्यूरोपॅथिक वेदना त्यातून वगळून. केसपेपरवर कोणता शब्द पडतो त्यावर गोळी ठरू लागली. माझ्या मते, कारण न सापडलेल्यांचा निष्कर्ष बसताच कळ उठणाऱ्यांना जसाच्या तसा लावणे हा अन्याय आहे.

दुष्परिणामांची गोष्ट सांगताना ‘झोप येईल’ एवढ्यावर भागवले जाते. ॲमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, शौचाला खडा होतो आणि लघवी अडखळते. म्हणजे जी जागा आधीच दुखते तिथेच कुंथावे लागते. सुरुवातीपासून पोट साफ राहील हे पाहिले तर पुष्कळांची गोळी टिकते. गॅबापेंटिन-प्रीगाबालिनने गरगरते, पाय सुजतात, वजन वाढते, शब्द पटकन आठवत नाहीत. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो आणि गोळी एकदम बंद करायची नसते. सवयीच्या धोक्यापायी ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून दोन्ही नियंत्रित औषधांत घातली.

इंजेक्शनमध्ये भुलीबरोबर स्टेरॉइड घालण्याचा रिवाज जुना, पण २०१ रुग्णांवरच्या फ्रेंच चाचणीत त्याची जादा मदत दिसली नाही. नस मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेची २००५ मधली चाचणी अवघ्या ३२ जणांची. वर्षाने शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ७१ टक्के सुधारले, शस्त्रक्रिया न केलेल्या गटात १३ टक्के. आशा वाटावी असा आकडा आहे, पण एवढ्या लहान चाचणीवर सगळा भार टाकता येत नाही.

त्याआधीची पायरी असते मध्ये मोकळी जागा ठेवलेली बैठकीची गादी आणि फिजिओथेरपीची. इथे एक चूक वारंवार होते. बाळंतपणानंतर शिकवलेला, खालचे स्नायू आवळण्याचा व्यायामच या दुखण्यातही करायला सांगतात. यातल्या अनेकांचे स्नायू आधीच ताठलेले असतात. त्यांना ते सैल सोडायला शिकावे लागते, आणि ते शिकवणारी फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही.